गेनूभाऊ, तुमच्या कानांविषयी

गुरुवार, १७ जानेवारी १९५७. सकाळी आठ. पवनेचा काठ, पुनावळ्याच्या खालच्या अंगाला. गेनूभाऊंचा दहावा.

हजर: थोरले बंधू नामदेवराव आणि त्यांचे दोघे मुलगे. पत्नी हौसाबाईंचे भाऊ, चऱ्होलीहून. काळेवाडीच्या आळीतली वीस-बावीस माणसं. फिरत्या दवाखान्याकडून डॉक्टरसाहेब, कंपाउंडर आणि नर्स म्हणून मी. खाणीवरचा मुकादम आणि चार मजूर. हे शेवटपर्यंत लांबच उभे राहिले, कोणी जवळ बोलावलं नाही. बायका वर बाभळीखाली, त्यांच्यात हौसाबाई. भटजी वीस मिनिटं उशिरा.

तुम्ही असता तर हसला असता. "बाई, मयतीची बी हजेरी घेता व्हय?" घेते, गेनूभाऊ. हातात यादी नसली की मला काही सुचत नाही, हे नऊ वर्षं मला घेऊन गाडी चालवणाऱ्या माणसाला मी काय सांगू?

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पाऊण तास गेला. नामदेवरावांनी हात जोडले, "गेनू, हौसाला अंतर देणार न्हाई." मेहुण्यांनीही तेच सांगितलं. कावळे होते, चांगले सात-आठ. त्यातला एक खाली उतरून दगडावर बसलाही. तेवढ्यात वरच्या खाणीतून शिट्टी झाली. एक. दोन. तीन. सुरुंग उडाला आणि सगळे कावळे नदीपलीकडे गेले. ते काही परतले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "जीव अडकलाय त्येचा. काय तरी हाय." सुरुंगाने कावळे उडतात, त्याला मेलेल्या माणसाची इच्छा लागत नाही. हे मी तिला सांगू शकले असते. पण त्या शिट्टीने मीच चार पावलं मागे सरले होते.

कारण तुम्ही त्याच शिट्टीत गेलात. मंगळवारी, आठ तारखेला, दुपारी. गाडी रस्त्यावर उभी करून, हातात पत्र्याचा डबा घेऊन, खाणीच्या खड्ड्यात उतरलात. मुकादमाने तीन शिट्ट्या मारल्या. मजूर केव्हाच वर जाऊन आडोशाला बसले होते. मुकादमाला तुम्ही पाठमोरे दिसलात. तो ओरडला, त्याने डोक्याचं मुंडासं काढून हवेत फिरवलं. तुम्ही वळून पाहिलं नाही. वाती पेटलेल्या होत्या, खाली धावत जायला वेळ नव्हता. त्याने पोलिसांना हेच सांगितलं आणि मला त्यात खोटं काही दिसत नाही. "चालतच राहिला, बाई," तो मला म्हणाला, "बाजारात चालल्यागत. घाई न्हाई, भ्या न्हाई."

आता गावात काय बोलतात ते ऐका. तुमच्याबद्दल आहे, तुम्हाला कळायला हवं.

घाटावरून वर येताना पुढे दोघे चालले होते. एक म्हणाला, "अरं, फर्लांगावरनं गाडी ऐकून सांगायचा, कोणचा व्हॉल्व ढिला हाय ते. त्याला शिट्टी ऐकू न्हाई आली?"

दुसरा म्हणाला, "आली की. ऐकली आन् गेला."

"असं म्हनतोस?"

"मंग? घरात काय तरी असंल. आपन कशाला बोला."

त्यांच्या मागे मी होते आणि माझ्या हाताला धरून हौसाबाई होत्या. त्यांनीही ऐकलं.

पिंपरीपासून चाकणपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या घरी आपली गाडी गेली, त्या सगळ्यांना तुमचे कान माहीत होते. लष्कराच्या लिलावातली ती जुनी पिकअप, मागे लाकडी खोका, त्यात औषधं आणि मी. समोर तुम्ही. कोणाचा ट्रक, कोणाचं पाणी उपसायचं इंजिन, काहीही खाकरलं की माणसं आपल्या गाडीची वाट बघत बसायची. तुम्ही उतरायचे, हातभर लोखंडी सळई काढायचे, एक टोक इंजिनावर टेकवायचे, दुसरं दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. लोक श्वास धरून उभे. मग तुम्ही सळई काढून तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "दुसऱ्या नंबरचं बेअरिंग. आज काढा, उद्या न्हाई." आणि खोललं की दुसऱ्याच नंबरचं निघायचं.

गेनूभाऊ, मी आता जे लिहिणार आहे ते न लिहिण्याचं वचन तुम्ही माझ्याकडून घेतलं होतं. तुम्ही बहिरे होता.

मला कळलं ते दुसऱ्या वर्षी. चाकणच्या अलीकडे एका वस्तीतून अडलेली बाई घेऊन आपण निघालो होतो. पहिलटकरीण, सोबत तिची सासू. चाकणला डॉक्टर होते. वाटेत इंजिन ठकठक करू लागलं, उखळात मुसळ पडावं तसं. मी मागून खोक्यावर थापा मारल्या. तुम्ही थांबला नाही. मी ओरडले. तुम्ही थांबला नाही. पुढच्या वळणावर पायाला हादरा जाणवला तेव्हा कुठे गाडी बाजूला घेतली. सळई त्या दिवशी घरी राहिली होती. तुम्ही माझ्या पेटीतली लाकडी नळी उचलली, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची. ती इंजिनावर ठेवली आणि दातांत धरली.

"अहो, ती कानाला लावायची असते!"

तुम्ही तोंडाकडे बघत होता म्हणून तुम्हाला कळलं. हसलात. "कानानं तुमी ऐका. मी दातानं ऐकतो."

मला तेव्हा ती गंमत वाटली. मग तुम्ही एकेका प्लगची वायर काढत गेलात. पहिली काढली, ठोका तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली आणि ठोका मऊ पडला. "तिसरा गेला," म्हणालात. बेअरिंगचा मुलामा वितळून गेला होता. पुढे गेलो असतो तर दांडा इंजिन फोडून बाहेर आला असता. पुण्याहून बेअरिंग यायला दोन दिवस. आणि गाडीत बाई कळा देत होती.

तुम्ही कमरेचा चामडी पट्टा सोडला, वितीएवढा तुकडा कापला, तेलात भिजत टाकला आणि गाडीखाली शिरलात. चामड्याचं बेअरिंग मी जन्मात ऐकलं नव्हतं. पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही. तुम्ही खाली, मी वर. खालून तुमचा आरडा, "बाई, गाडी हलवू नगा! नट हातातनं सुटतोय!" आणि मी वरून, "बाळंतीण हलणार नाही तर कोण हलणार?" तिची सासू एकदा मला शिव्या देई, एकदा वाकून तुम्हाला. माझ्याच्याने आवरेना तेव्हा हातातून स्टीलचा ट्रे निसटला, गाडीच्या कडेवरून उसळून तुमच्या डोक्याजवळच्या दगडावर पडला. सासूने कानांवर हात घेतले. बैल बिथरावा असा तो आवाज होता. वाकून पाहिलं तर तुम्ही उताणे पडून शांतपणे नट पिळत होता. मान हलली नाही, पापणी लवली नाही.

बाळ आलं. मुलगी. तुम्ही तेलाने काळे झालेले बाहेर आलात आणि तिला बघून म्हणालात, "हिनं माझ्या आदी काम संपवलं." तुम्ही एका हाताने धोतर सावरत होता, कारण पट्टा इंजिनात होता. बैलगाडीच्या चालीने आपण चाकण गाठलं. चामडं टिकलं.

परत येताना मी गाडी थांबवायला लावली आणि समोर उभं राहून विचारलं, "कधीपासून?"

तुम्ही स्टिअरिंगवरचं तेल पुसत बसलात. "ब्रह्मदेशापासनं," म्हणालात. लढाईत लष्करी ट्रक चालवत होता, शेजारी तोफ. आधी बारीक आवाज गेले, पाखरांचे, सायकलच्या घंटीचे. मग हळूहळू माणसांचे. जाड ठोका अजून अंगाला कळत होता, सळईतून दातांना तर लख्ख. बाकीचं तुम्ही ओठांवरून वाचत होता.

"घरी?"

"घरी न्हाई सांगितलं. बहिऱ्याला ड्रायव्हर कोन ठेवील, बाई? आन् हौसाला कळलं की आळीला कळलं."

मी गप्प राहायचं कबूल केलं. दवाखान्याला दुसरा ड्रायव्हर परवडत नव्हता आणि तुमच्याइतका चांगला मिळणारही नव्हता. हा माझा हिशेबीपणा. पण मी ते गुपित नुसतं ठेवलं नाही, त्याची पद्धत बसवली. त्या दिवसापासून मी मागे न बसता पुढे बसू लागले. मागून हॉर्न आला की डॅशबोर्डवर एक टिचकी. थांबायचं असेल तर दोन. आणि एक वही केली. तुम्हाला न ऐकू येणारा गाडीचा प्रत्येक बारीक आवाज त्यात मी उतरवायचा, तुम्ही तो ओठांवरून वाचून निदान करायचं. दुरुस्त झाल्यावर मी ऐकून खात्री करायची, मगच खोडायचं.

सुरुवातीला माझी फजिती झाली. "आवाज येतोय" म्हटलं की तुम्ही चिडायचे. "कसला? आवाज म्हंजी काय सांगितलं तुमी? पेशंट आला आन् म्हनाला दुखतंय, तर तुमी गोळी देता व्हय?" मग मी शिकले. भाताच्या आधणावर झाकण थडथडतं तसा. तुम्ही म्हणालात टॅपेट, आणि टॅपेटच होता. चढावर, मुठीत फुटाणे हलवल्यासारखा. तुम्ही इंजिनाचं टायमिंग मागे घेतलं. गार असताना फुसफुस, तापल्यावर बंद, सायलेन्सरचा जोड. बांगड्या किणकिणल्यासारखा, फक्त दगडी रस्त्यावर. तो इंजिनाचा नव्हताच, माझ्याच पेटीतल्या सुयांचा होता. आठ दिवस तुम्ही मला त्यावरून चिडवलंत. "बाई, तुमचं इंजिन उतरवू का?"

लोक तुमचे कान म्हणायचे, त्यातला अर्धा कान माझा होता. मी त्यात खूश होते. नवरा गेल्यापासून इतक्या वर्षांत माझं बोलणं इतकं लक्ष देऊन, तोंडाकडे बघत, कोणी ऐकलं नव्हतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंही.

आणि तिकडे काळेवाडीत हौसाबाई आळीभर सांगत फिरत होत्या, "भाईरच्या इंजिनाचं ऐकतो मेला, घरातल्या बायकूचं न्हाई." त्या चुलीपुढे बसायच्या, तुमच्याकडे पाठ करून. पाठमोऱ्या बोलायच्या. तुम्हाला त्यातला एक शब्द कळत नसे. मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, निदान चूल तरी फिरवा, त्यांचं तोंड तुमच्याकडे होईल असं करा. तुम्ही हसण्यावारी नेलंत. "चूल फिरवली तर इचारल, का म्हून."

आपलं शेवटचं भांडण पाच तारखेचं, शनिवारचं. थेरगावात तुम्ही गाडी मागे घेतलीत. मी खाली उतरून औषधं देत होते, डॅशबोर्डपाशी नव्हते. मागून सायकलवाला घंटी वाजवत आला. तुमचा धक्का लागून तो पडला. गुडघा फुटला, चाक वाकलं. तो उठून तुम्हाला आईवरून शिव्या देत होता आणि तुम्ही खिडकीतून त्याच्याकडे पाहून मान डोलवत हसत होता, कारण ऊन डोळ्यांवर होतं आणि त्याचे ओठ दिसत नव्हते. त्याला वाटलं तुम्ही त्याची टर उडवता. मी मधे पडले, गुडघा बांधला, हात जोडले.

रस्त्याला लागल्यावर मी म्हणाले, "आता बस. डॉक्टरांना सांगा. पुण्यात कानाचं यंत्र मिळतं."

"यंत्र लावलं की लोक गाडी बघायला देनार न्हाईत. कान बघत बसतील."

"मग हौसाबाईंना तरी सांगा. एका माणसाला तरी माहीत हवं माझ्याशिवाय."

"तुमाला हाय ना माहीत. तेवढं बास."

"मला नाही बास! मी उद्या तापाने पडले तर?"

तुम्ही रस्त्याकडे बघू लागलात. तुमची ती युक्ती मला ठाऊक होती. बोलणं नको झालं की तुम्ही नुसती मान वळवायची, की जग बंद. मी दोन टिचक्या मारल्या. गाडी थांबली. तुम्हाला माझ्याकडे बघावं लागलं. मी म्हणाले, "हौसाबाईंना सांगेपर्यंत मी तुम्हाला गाडीचा एकही आवाज सांगणार नाही."

"नगा सांगू," म्हणालात. "गाडी सांगल."

सोमवारी गाडीने सांगितलं. मला.

चिंचोळा, बारीक, रडका आवाज. कोरड्या रहाटावरून दोर यावा तसा. पुढून, पंख्याच्या बाजूने. गाडी चालवताना तुम्ही शीळ घालत होता, नेहमीसारखी बेसूर, आणि त्या शिळेच्या वर तो आवाज चालला होता. तुम्हाला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. रावेतजवळ तुम्ही विडी घ्यायला दुकानात गेलात आणि इंजिन चालूच ठेवलंत. मी उतरले, बॉनेट उचललं आणि माझ्या बाटलीतलं थोडं पाणी पंख्याच्या पट्ट्यावर टाकलं. हे तुम्हीच शिकवलं होतं: पाण्याने आवाज बदलला तर पट्टा, नाही बदलला तर पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. नाही बदलला. मी बॉनेट लावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्याशिवाय निदान केलं होतं आणि ते बरोबर होतं. माझा राग होताच. खरं सांगायचं तर त्या रागात थोडी ऐटही होती. ठरवलं, मंगळवारी संध्याकाळी सांगू. एक दिवस तडफडू दे.

त्यात तडफडण्यासारखं काय होतं? ज्याला आवाजच माहीत नाही तो कशाने तडफडेल? तडफडत मीच होते. पण हे तेव्हा सुचलं नाही.

मंगळवारी सकाळी पुनावळ्याच्या वरच्या वस्तीवर बाळंतपण होतं. मला सोडून तुम्ही औषधं पोचवायला एकटेच गेलात. "चारला येतो," म्हणालात. तुम्ही वळण घेत होता तेव्हा तो आवाज अंगणापर्यंत येत होता. बाळंतिणीची आई म्हणाली, "गाडी रडतीया का काय?" मी हात धुवायला लागले.

चार वाजले. साडेचार. मी ओट्यावर बसून तुम्हाला मनात बोल लावत होते. माझी यादी तयार होती: उशीर, हट्ट, सायकलवाला. पाचला सायकलवरून एकजण आला.

नंतर गाडी पाहिली. बॉनेट उघडं, रेडिएटर कोरडा, पंपाचा दांडा हातात हलत होता. बेअरिंगचा भुगा झालेला. पंप बसला, इंजिन तापलं, वाफ दिसली तेव्हा तुम्ही थांबलात. जवळात जवळ पाणी खाणीच्या खड्ड्यात होतं. डबा घेतला आणि उतरलात. पाठमोरे. बाजारात चालल्यासारखे, घाई नाही, भय नाही. मुकादमाला जे कळलं नाही ते मला कळलं आहे. भय कशाचं वाटणार? सकाळपासून तुमच्यासाठी जग जसं शांत होतं तसंच तेव्हाही होतं.

नवा पंप आला. नवा ड्रायव्हर आला. चाकणचा आहे, कानाने धडधाकट. इंजिन गुळगुळीत चालतं. तरी मला तो आवाज येतो. मागल्या अंगणातल्या रहाटात येतो. मी त्याला दोनदा तेल दिलं. दाराच्या बिजागरीत येतो. बाळाच्या रडण्याच्या अगदी सुरुवातीला, तोंड उघडायच्या आधी येतो, आणि माझ्या कामात ते रोजचंच. काल गाडीत बसले असताना मागून हॉर्न आला आणि मी टिचकी मारली. नवा ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं, बाई?" काही नाही म्हटलं. तो सारखा माझ्या बोटांकडे बघत होता.

पण मी हे लिहायला बसले ते वेगळ्या कारणाने. डॉक्टरसाहेबांनी घाटावरच सांगितलं, दवाखान्याच्या वर्षाच्या पुस्तिकेत तुमच्यावर दोन पानं द्या. "त्यांच्या कानांवर लिहा. असा कान पुन्हा व्हायचा नाही." मी हो म्हटलं. आज शुक्रवार. खोटं लिहायला बसले होते, तीन ओळी झाल्या, खोडल्या. खरं लिहिलं तर ते हे आहे.

हे छापलं की तुमची अब्रू जाईल असं तुम्ही म्हणाल. गेनूभाऊ, अब्रू आत्ता चाललीय. काल घाटावरून मी हौसाबाईंना घरी सोडलं. त्यांनी मला आत बसवलं, जाऊबाईंना पाण्याला पाठवलं आणि दार लोटलं.

"बाई, तुमी रोज त्येंच्या संगं असायच्या. खरं सांगा. कुनाला सांगनार न्हाई मी. ते मला कटाळून गेले ना?"

"नाही हो. असं काय बोलता?"

"त्या दिशी सकाळी मी बोलले. भाकरी थापत व्हते. रातीपास्नं इचारत व्हते, पत्रा कधी शाकारनार. एक न्हाई की दोन न्हाई. मला आला राग. म्हनलं, जावा तिकडंच, परत तोंड दावू नगा." त्या बोलताना त्यांचा हात जमिनीवर भाकरी थापल्यासारखा हलत होता. "त्येंनी ऐकलं. येक शबूद न्हाई बोलले. पटका घातला आन् गेले. माझं ऐकून गेले, बाई. जल्मात कधी माझं ऐकलं न्हाई, आन् ह्येच ऐकलं."

तुमच्या हौसाबाई असं समजून जगताहेत, गेनूभाऊ. भाकरी थापताना म्हणजे चुलीकडे तोंड करून. तुमच्याकडे पाठ. तुम्हाला त्यातलं अक्षर ऐकू गेलेलं नाही. तुम्ही पटका घातलात कारण सात वाजले होते.

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं. पण त्याच्या पाठोपाठ त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कधीपासून माहीत? आठ वर्षं. मग मला का नाही सांगितलं? आणि मग, पाण्याला का उतरले ते? त्याचं उत्तर तर फक्त माझ्याकडे आहे. तुमचं गुपित मी तुमच्यासाठी राखत होते की माझ्यासाठी, हे मला त्या बंद दाराआड पहिल्यांदा नीट कळलं. जाऊबाई कळशी घेऊन आल्या. मी चहा प्यायले, "पत्र्याचं मी बघते" म्हणाले आणि उठले. वचनाचा आधार घेऊन पळून आले.

तेव्हा वचन मोडते आहे. रागावायचं असेल तर रागवा. तुम्ही कोणाचं न ऐकता निघून गेलात, हा बोभाटा मी राहू देणार नाही. तुम्हाला ऐकू आलं असतं तर तुम्ही धावत सुटला असता, हे मला माहीत आहे. सुरुंगाच्या शिट्टीलाच नाही, हौसाबाईंच्या त्या बोलण्यालाही. उंबऱ्यातून मागे फिरून, "पत्रा रविवारी नक्की" म्हणाला असता. तुमचा स्वभाव मी तुमच्या बायकोपेक्षा जास्त ओळखते, असं नाही. पण तिला तुमचा अबोला मिळाला आणि मला तुमचं लक्ष. ते तिचं होतं.

ही पानं सोमवारी डॉक्टरांकडे जायची आहेत. मुकादमाला मी आधीच निरोप धाडला आहे की त्याने ओरडून पाहिलं तेवढं पुरेसं होतं, आणखी काही करण्यासारखं नव्हतं. पत्र्यासाठी गवंड्याशी बोलून झालं. तो बुधवारी येतो. नामदेवरावांना तेराव्याच्या आदल्या दिवशी भेटायचं आहे. हौसाबाईंना वाचता येत नाही. पुस्तिका घरी आली की शेजारचं कोणीतरी वाचून दाखवील, चारचौघांत, मोठ्याने. त्याआधी मला त्यांच्यासमोर बसायला हवं, त्यांच्या तोंडाकडे बघत. क्रम ठरवला आहे. पहिलं, त्यांचं बोलणं तुम्हाला ऐकू गेलं नाही. दुसरं, का ऐकू गेलं नाही. तिसरं, सोमवारचा तो आवाज, रावेतजवळचं पाणी, आणि माझं बॉनेट लावून गप्प बसणं. पहिली दोन सांगून उठायचा मोह होईल. उठायचं नाही.

काळेवाडी इथून पायी पाऊण तास. दोनला निघायचं ठरवलं होतं. आता सव्वाचार झालेत. निघायला म्हणून वहाणा दाराशी काढून ठेवल्या आहेत. हौसाबाईंना सांगायचं अजून राहिलं आहे.